कोळसा नको, लाईन हवी, खाण हवी, वाघ नको: आमच्या उमेदवाराला काय विचारू?

पोफळबाग
विधानसभेचे वारे वाहू लागले आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात इच्छुकांच्या बैठका सुरू झाल्या. नाव आणि पक्ष मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पाचव्या प्रतिसादाला धाग्याला कुलूप लागेल. यातला एकजण तरुण आहे, शिकलेला आहे, मांडणी बरी करतो. तो पर्यावरण आणि वीज या विषयांवर चक्क अर्धा तास बोलला. एरवी इथे गटार, देवळाची कमान आणि सरकारी नोकरी यापलीकडे गाडी जात नाही, म्हणून कान देऊन ऐकलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मुरगाव बंदरात कोळसा उतरता कामा नये. म्हादई नदीचा एक थेंबही कर्नाटकाला मिळता कामा नये. लोहखनिजाच्या खाणी मात्र पूर्ण जोरात सुरू व्हायला हव्यात, कारण त्यांच्यावर घरं चालतात. तामनारची वीजवाहिनी झालीच पाहिजे, अडवणारे विकासाचे शत्रू. व्याघ्र प्रकल्प नको, लोकांना उठवतील. आणि शेवटी घराघरावर सोलार, गोवा शंभर टक्के हरित.

प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या, दोन-तीनदा मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र वाटायला लागलं, यातली निम्मी वाक्यं उरलेल्या निम्म्यांशी भांडतायत. रविवारी त्याची मोठी सभा आहे, लोकांचे प्रश्न घेणार आहे म्हणे. मला फार तर एक प्रश्न विचारता येईल. कुठला विचारू?

गाडेकार
टाळ्यांवर चालणारा टर्बाइन बसवता येईल का ते विचारा. सत्तरी एका हंगामात स्वयंपूर्ण.

नुस्तेकार
विरोधात असताना "कोळसो नाका", सत्तेत गेल्यावर "मातसो चलता" (थोडा चालतो). हे आजवर सगळ्यांनी करून झालंय. तरुण असो की म्हातारा.

वास्कोवाली
पोफळबागताई, आमच्यातर्फे एक विचाराल का? कोळसा "नको" म्हणजे नक्की काय? नवीन येणार नाही, की आज येतो तोही जाणार? किती वर्षांत? की झाकून ठेवणार? कारण "झाकून हाताळू" हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की शेजारच्या पोरालासुद्धा पाठ आहे.

बंदराशेजारच्या आमच्या वास्कोत पांढरा कपडा गॅलरीत वाळत घालायचा नाही, हा आमच्या बिल्डिंगचा न लिहिलेला नियम. सासूबाई सकाळी देवघराच्या आधी खिडकीची पट्टी पुसतात. ओलं फडकं एकदा फिरवलं की करडं, दुसऱ्यांदा फिरवलं की काळं, मग ते धुऊन तिसऱ्यांदा. पावसाळ्यात जरा बरं. त्यामुळे "कोळसा नको" वाक्याला मी टाळी वाजवत नाही. तारीख सांगा, मग वाजवते.

पुणेरी पाहुणा
गोव्याबाहेरचा आहे, चुकल्यास सांभाळून घ्या. पण कोळसा बंद केला तर गोव्याला वीज कुठून मिळणार? तामनार त्यासाठीच आहे ना?

ट्रान्सफॉर्मर
पाहुणे, दोन वेगळे कोळसे एका पोत्यात भरू नका. हा घोळ इथल्याही बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. (आयुष्य उपकेंद्रांत गेलं, निवृत्त झालो तरी जीभ राहवत नाही.)

मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा मुख्यतः परदेशातून जहाजाने येतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या, तोरणगल्लूकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. तुमच्या-माझ्या घरातल्या पंख्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो उद्या थांबला तरी गोव्यात एक बल्बही विझणार नाही.

गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नगण्य. मागणीची कमाल ७०० मेगावॅटच्या वर गेलेली आहे आणि जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते. कोरबा, विंध्याचल अशा एनटीपीसीच्या कोळशावरच्या केंद्रांतला आपला ठरलेला वाटा, दक्षिणेकडून रामागुंडम, थोडी अणुवीज, अलीकडे बाहेरून विकत घेतलेली सौर वीज. म्हणजे गोव्याचा कोळसा जळतोच आहे. फक्त राख कोरबाच्या लोकांच्या अंगणात पडते आणि आपण निळ्या आकाशाचे फोटो टाकतो.

आता तामनार. गाव छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातलं. प्रकल्पाच्या नावात ते आहे म्हणून लोक समजतात की तिथून तार निघून थेट दक्षिण गोव्यातल्या शेल्ड्याला येते. तसं नाही. छत्तीसगडमधला भाग हे त्याच पॅकेजमधलं वेगळं काम. आपल्या बाजूला ४०० केव्हीची लाईन धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रातून शेल्ड्याला यायची आणि पुढे म्हापशाकडे जायची. ग्रीड एकच आहे. त्या तारेतून कोळशाची वीज येईल, कर्नाटकातली वाऱ्याची येईल, राजस्थानची सौरही येईल. तारेला रंग नसतो.

सालसेतची सून
काका, तारेला रंग नसेल, पण तिच्याखाली तोडलेल्या झाडांना होता. मोलें अभयारण्याजवळच्या सांगोडला उपकेंद्रासाठी काय झालं ते मोलेंच्या लोकांना विचारा.

ट्रान्सफॉर्मर
ते नाकारतच नाही. भांडण लाईन हवी की नको एवढंच नव्हतं, कुठून न्यायची हेही होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं २०२१ साली हेच सांगितलं की अभयारण्यातून नवा पट्टा साफ करू नका, आधीच असलेल्या २२० केव्हीच्या जुन्या लाईनीच्या पट्ट्यातून न्या. तो पट्टा आहेच, अनेक वर्षांपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकालही त्याच दिशेनं गेला. तुमच्या उमेदवाराला विचारा, "तामनार झालीच पाहिजे" म्हणजे जुन्या पट्ट्यातून की नव्या? बहुधा त्याला यात दोन पर्याय आहेत हेच ठाऊक नसेल.

सालसेतची सून
धाग्यात मोलें निघालंच आहे तर लिहिते. २०२० च्या नोव्हेंबरात आम्ही रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रुळांवर बसलो होतो. सासरे सत्तरीच्या पुढचे (वयाच्या, तालुक्याच्या नव्हे), ते घरून खुर्ची घेऊन आले होते, कारण रुळावर बसवत नव्हतं. कुणी मेणबत्त्या, कुणी वाजवायचं घुमट, कुणी थर्मासभर चहा. पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी कोण कोण म्हणाले, चर्चवाल्यांचं आंदोलन. माझ्या डाव्या बाजूला बसलेल्या काकूंच्या हातात तुळशीची माळ होती.

त्या दुपदरीकरणाची अभयारण्यातली परवानगी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये काढून घेतली. पण सगळं संपलं असं समजू नका, अभयारण्याबाहेर काम चालूच राहिलं. वेळसांवच्या लोकांना विचारा. म्हणून मला "मी कोळशाच्या विरोधात आहे" ऐकून काही वाटत नाही. रुळाच्या विरोधात आहेस का, ते सांग. कोळसा काही उडत येत नाही.

नुस्तेकार
"वयाच्या, तालुक्याच्या नव्हे" 😂😂

डिचोलीकर
सगळा वेळ वाचत होतो, आता बोलतो. खाण म्हटलं की इथे सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. धुळीचे फोटो, लाल नदीचे फोटो. सगळं खरं आहे. पण ज्या वर्षी खाणी थांबल्या त्या वर्षीचा आमच्या गावचा फोटो कुणी काढला नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात एका दिवसात सगळं ठप्प. आमच्या दारात दोन टिप्पर उभे, दोन्हींचे हप्ते चालू. टायर जमिनीत रुतले. चुलत्यानं एक भंगारात घातला, त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मग परत सुरू झाल्या, परत मार्च २०१८ ला बंद. ८८ लीजचं नूतनीकरण रद्द. खाण कंपन्यांना काय, त्यांचे इतर धंदे. मेला तो टिप्परवाला, गॅरेजवाला, चहाच्या गाड्यावाला. त्यामुळे उमेदवार खाणी सुरू करा म्हणतो तेव्हा मी त्याला दुष्ट समजत नाही. मीही तेच म्हणतो.

जांभ्याचा दगड
डिचोलीकर, तुमच्याबद्दल आदर ठेवून. तुमच्याच तालुक्यात सारमानस-पिळगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून जाणारी खनिज वाहतूक अडवली, तेही पोटासाठीच ना? त्यांच्या शेतात पावसाबरोबर खाणीचा गाळ उतरतो. वायंगण (उन्हाळी भात) करायचं की गाळ उपसायचा? एका पोटाच्या विरोधात दुसरं पोट उभं करायचं आणि उमेदवारानं मध्ये उभं राहून दोघांकडून टाळ्या घ्यायच्या, हे आपल्याकडे नेहमीचंच.

डिचोलीकर
पिळगावची माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांचं चुकतंय असं मी कुठे म्हटलं? खाण गावातल्या रस्त्यावरून आणि शेतातून नको, स्वतंत्र बगलमार्गानं जाऊ दे, हे आम्ही टिप्परवालेच कितीतरी वर्षं बोंबलतोय. तो रस्ता झाला असता तर अर्धं भांडण मिटलं असतं.

आणि एक. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतला १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदाच निघतं म्हणून. तो निधी कसा वापरणार याबद्दल एकही उमेदवार तोंड उघडत नाही. ना खाणवाला, ना खाणविरोधी. पोफळबागताई, माझ्या मते हाच प्रश्न विचारा.

गाडेकार
इतक्या गंभीर चर्चेत एक माहितीपर नोंद. आपल्या राज्यानं २०१६ साली कायदा बदलून माडाला झाडांच्या व्याख्येतून बाहेर काढलं. २०१७ साली त्याच माडाला राज्यवृक्ष केलं. माड जागचा हललासुद्धा नाही. उमेदवाराची भूमिका याहून स्थिर असेल अशी अपेक्षा करणाऱ्यांनी हात वर करावेत.

नुस्तेकार
माझा हात बांगडे साफ करण्यात गुंतलाय. बाजारात दर विचारायची सोय राहिलेली नाही, कुणाला ठाऊक असेल तर सांगा, मासळीबद्दल उमेदवार काही बोलला का?

पोफळबाग
मासळीबद्दल काही नाही बोलला. सत्तरीत कशाला बोलेल, आम्हाला नदीची मासळी आणि आठवड्याचा बाजार.

सगळ्यांचं वाचतेय. जांभ्याचा दगड, वाघाबद्दल तुम्ही काही लिहाल असं वाटलं होतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला होत्या.

जांभ्याचा दगड
लिहितो, शिव्या खाण्याची तयारी ठेवून.

जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत चार वाघ विषबाधेनं मेले. गुरं मेल्याचा राग, भरपाईला लागणारा वेळ, सगळं त्यामागे होतं. तेव्हापासून सत्तरीत वाघ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलीस येतात. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. लोकांना भीती आहे ती काजूच्या बागांची, कुळागरांची (पोफळीच्या बागांची), घरांची. ती भीती खोटी नाही. जमिनीचे हक्क इतकी वर्षं लोंबकळत ठेवल्यावर भीती वाटणारच.

पण तुमच्या उमेदवाराचं दुसरं वाक्य बघा, म्हादईचा थेंब नको. लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलेलं आहे, म्हणजे "थेंब नको" हा मुद्दा आता न्यायालयातच लढायचा आहे. तिथे गोव्याच्या हातात जी चांगली हत्यारं आहेत त्यांत एक आहे वन्यजीव कायदा. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला नोटीस पाठवली ती त्याच कायद्याखाली, कारण अभयारण्यात येणारं पाणी परवानगीशिवाय वळवता येत नाही. म्हणजे नदी वाचवायला अभयारण्याचं नाव घ्यायचं आणि त्याच अभयारण्यात वाघ नको म्हणायचं. वकिलानं कोर्टात हे कसं मांडायचं?

डिचोलीकर
लोकांना न उठवता व्याघ्र प्रकल्प होऊ शकतो असं लेखी द्या, मग बोला. कागदावर सगळं गोड असतं.

जांभ्याचा दगड
मान्य. तेच लेखी मागा. "नको" म्हणण्यापेक्षा "या अटींवर" म्हणणारा उमेदवार मला जास्त चालेल.

पुणेरी पाहुणा
ट्रान्सफॉर्मरकाका, घराघरावर सोलार याबद्दल तुमचं मत वाचायला आवडेल. माझा ताळगावात फ्लॅट आहे.

गाडेकार
पाहुणे आता यजमान होऊ लागले. 😀

ट्रान्सफॉर्मर
सोलार बसवा, माझ्या घरी आहे. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. ढोबळ हिशोब असा की एका किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी चार युनिट मिळतात. ३ किलोवॅट म्हणजे दिवसाला बारा. जून-जुलैत यातलं किती मिळेल ते मी सांगायची गरज नाही, खिडकीबाहेर बघा.

पण सभेत टाळ्या वाजवण्याआधी दोन-तीन गोष्टी लक्षात घ्या. आपली जुनी घरं मंगळुरी कौलांची. त्यावर पॅनेल बसवायला वेगळा लोखंडी सांगाडा उभा करावा लागतो, खर्च वाढतो, आणि वाशाला वाळवी असेल तर विसराच. किनाऱ्यालगत खारं वारं, नटबोल्ट गंजतात. सत्तरी, सांगे, काणकोणात घर कुळागराच्या मधोमध, दुपारी दोनलाच पोफळींची सावली. फ्लॅटवाल्यांची गच्ची सोसायटीची. भाड्यानं राहणाऱ्याला तर काहीच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे विकणारा कधी सांगत नाही. साधं ग्रीडला जोडलेलं सोलार लाईट गेल्यावर बंद पडतं. टळटळीत उन्हातसुद्धा. इन्व्हर्टरला ग्रीडची वीज दिसली नाही की तो स्वतःहून थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरातून उलटा झटका बसेल. लाईट गेल्यावरही हवं असेल तर बॅटरीची जोड असलेली वेगळी व्यवस्था लागते, तिची किंमत वेगळी.

सालसेतची सून
हे आम्हाला बसवून झाल्यावर कळलं. चतुर्थीच्या दिवशी, आरतीला पन्नास माणसं, वर तीन किलोवॅट चकाकतंय आणि खाली माटोळीखाली (गणपतीवरच्या फळापानांच्या आराशीखाली) सगळे घामाघूम. नवऱ्यानं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आता आपल्याकडे लाईट जात नाही. बसवणाऱ्या कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला, मॅडम, सिस्टीम बरोबर चालतेय.

नुस्तेकार
सिस्टीम खरंच बरोबर चालत होती 😂

ट्रान्सफॉर्मर
हो ना. लाईनमन जिवंत राहिला, हेच सिस्टीमचं काम.

वास्कोवाली
उमेदवार साळावलीसारख्या धरणांवर तरंगतं सोलार वगैरे काही बोलला का? मागे कुठेतरी ऐकलं होतं. जमीन लागत नाही, झाडं तोडावी लागत नाहीत. मला तरी बरं वाटलं.

कुर्डीची नात
पहिल्यांदाच लिहितेय इथे. साळावली म्हटलं की राहवत नाही.

माझी आजी कुर्डीची. साळावली धरणात गेलेलं गाव. आजीला वाडें गावातल्या पुनर्वसनात घर मिळालं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुर्डी वर येते, मे महिन्यात सगळे कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात. आजी होती तोवर आम्हाला न्यायची. घराची जागा ती पायांनी ओळखायची. भिंती नाहीत, काही नाही, चिखल सुकून भेगा पडलेल्या, आणि ही चालत चालत एका जागी थांबून म्हणायची, इथे रांधप (स्वयंपाकघर). बाजूला दगडी रगडा अर्धा मातीत, त्यात पावसाचं पाणी.

दक्षिण गोव्याचं पाणी त्या धरणातून येतं, तेव्हा धरण चूक होतं असं मी म्हणणार नाही. आजीही म्हणत नसे. पण तेव्हाही सभेत सांगितलं होतं, विकासासाठी त्याग करा, सगळं मिळेल. आता त्या पाण्यावर पॅनेल टाकायची असतील तर टाका, मला आक्षेप नाही. फक्त मे महिन्यात आम्हाला देवळाकडे जायची वाट ठेवा. आणि त्या विजेचा पहिला हक्क वाडें आणि वाळकिणी या पुनर्वसनाच्या गावांना द्या. कुठल्या उमेदवाराच्या तोंडून हे निघेल?

ट्रान्सफॉर्मर
कुर्डीची नात, पहिलाच प्रतिसाद आणि असा. लिहीत राहा.

डिचोलीकर
+१

संपादक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. उमेदवारांची आणि पक्षांची नावं घेऊन वैयक्तिक शेरेबाजी नको. विषयावर चर्चा चालू द्या.

गाडेकार
उडवलेले माझे नव्हते, हे जाहीर करतो. माझे सगळे प्रतिसाद जैवविघटनशील आहेत.

पुणेरी पाहुणा
मुद्द्यावर येतो. वीज फुकट देण्याबद्दल उमेदवार काय म्हणतो? आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत तेच.

ट्रान्सफॉर्मर
इथेही. २०२२ च्या निवडणुकीत ३०० युनिट मोफतचं आश्वासन येऊन गेलं. दर मुळात आमदार ठरवत नाही, संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, गोव्याचा आणि काही केंद्रशासित प्रदेशांचा एकच. दरवाढीआधी त्यांची गोव्यात जनसुनावणी होते, कोणीही जाऊन बोलू शकतो. गेलो होतो एकदा. उद्योगवाले फायली घेऊन आलेले, घरगुती ग्राहक हाताच्या बोटांवर, आमदार एकही नाही.

पोफळबाग
काल सभा झाली. वृत्तांत देते.

सौर ऊर्जेवरचं भाषण डिझेल जनरेटरवर झालं, हे आधी सांगून टाकते. जनरेटर स्टेजच्या मागेच होता, त्यामुळे "हरित गोवा" हे शब्द त्याला ओरडून म्हणावे लागत होते. गाडेकार, तुमची आठवण आली. मैदानाच्या कडेच्या आंब्याला त्याचाच फ्लेक्स खिळ्यांनी ठोकलेला, त्यावर हात जोडून वृक्षारोपण करतानाचा फोटो.

प्रश्न विचारायला मिळाला. डिचोलीकर, क्षमा करा, निधीचा नाही विचारला. मी विचारलं, "गोवा शंभर टक्के हरित म्हणता, तर आज आपली वीज कुठून येते आणि तुमच्या पाच वर्षांत त्यातली किती बदलेल, कुठून आणाल?" वाटलं होतं, अभ्यास समिती नेमू म्हणेल. त्यानं मलाच उलट विचारलं, "बाय, तुमच्या घरात एसी आहे?" लोक हसले. नाही म्हटलं, कुळागरात लागत नाही. तर म्हणाला, "इथे तुमच्या मागे बसलेल्यांत किती जणांकडे आहे, हात वर करा." बरेच वर झाले. मग म्हणाला, "मी फुकट वीज देणार नाही. फुकट दिली तर कोणी सोलार बसवणार नाही आणि सगळी बाहेरची कोळशाचीच जाळाल. त्यापेक्षा तेच पैसे कौलारू घरांच्या सांगाड्याला देईन."

संपूर्ण सभेत या एकाच वाक्याला टाळी पडली नाही. व्यासपीठावरचे पुढारी एकमेकांकडे बघायला लागले, एकानं माइकवाल्याला खूण केली आणि विषय गटारावर गेला.

नुस्तेकार
पडला. डिपॉझिट गेलं.

जांभ्याचा दगड
उलट मला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बरं वाटलं. कौलारू घरांच्या सांगाड्याचं त्याला सुचलं म्हणजे कोणीतरी त्याच्या कानात योग्य माणूस आहे. काका, तुम्ही नाही ना?

ट्रान्सफॉर्मर
मी नाही. पण उत्तर अर्धंच आहे. छपरांवरचं सोलार सगळं बसलं तरी संध्याकाळी सात ते अकराची मागणी तशीच राहते, एसी तेव्हाच चालतात. ती वीज बाहेरूनच येणार, मग ती सौर-पवनची करारानं आणा नाहीतर कोळशाची. त्यासाठी तार लागणारच. म्हणून तामनारचा पट्टा जुना की नवा हा प्रश्न परत येतो, तो त्यानं सोडून दिला.

वास्कोवाली
आणि एसी मोजायला लावून माझ्या खिडकीचा प्रश्न कसा सुटतो? काकांनीच वर लिहिलंय, बंदरातला कोळसा आमच्या विजेसाठी नाहीच. उलटा प्रश्न करून लोकांना हसवणं सोपं आहे. तारीख कुठाय?

सालसेतची सून
अगदी. "तुम्हीच वापरता ना" हे चांदरलाही ऐकवलं होतं लोकांनी. ज्याच्या घरी एसी नाही त्यानंच रुळावर बसायचं का?

पोफळबाग
वास्कोवाली, तारखेचं मीही तिथल्या तिथे विचारायला हवं म्हणून हात वर केला होता, पण माइक तोवर गटाराकडे गेला होता. मत देईन की नाही ते अजून ठरवलं नाही. फुकट नाही म्हणाला, ते आवडलं. वाघाबद्दल परत तेच बोलला, ते नाही आवडलं.

डिचोलीकर
निधीचा प्रश्न राहिलाच शेवटी. येत्या शुक्रवारी आमच्याकडे दुसऱ्या इच्छुकाची बैठक आहे, मी उठून विचारतो. काका, १० टक्के हे खनिजाच्या विक्रीवरच ना, रॉयल्टीवर नव्हे? आकडा चुकला तर तिथेच गप्प बसवतील.

ट्रान्सफॉर्मर
विक्रीच्या रकमेवर. रॉयल्टी वेगळी, जिल्हा खनिज फाउंडेशनचे पैसे वेगळे. तिन्ही नावं कागदावर लिहून न्या, कारण उत्तर देणारा हमखास तिसऱ्याचा आकडा पहिल्याच्या नावावर सांगणार.

गाडेकार
आणि जनरेटरच्या जवळ बसू नका, प्रश्न ऐकू जात नाही.